पौलाचे पत्र आणि घरातला वाद

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघात दर रविवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. आम्ही बारा-तेरा जण असतो. गेल्या महिन्यात मोर्चांवरून विषय निघाला आणि माझ्या काकांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढून 'सरकारविरुद्ध बोलणे म्हणजे देवाविरुद्ध बोलणे' असे ठणकावले. आतेभाऊ टेक्ससला असतो. त्याच्या व्हिडिओंमध्ये हाच अध्याय निर्वासितांना सीमेवर अडवण्यासाठी वापरलेला असतो. धाकटा भाऊ म्हणतो, पहिले ख्रिस्ती साम्यवादीच होते, प्रेषितांची कृत्ये वाचा. पाळकसाहेबांनी पुढचे चार रविवार माझ्याकडे सोपवले आहेत. मी इतिहास शिकलेली नाही. काय घेऊ आणि कसे घेऊ?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर :

इतिहास शिकलेल्या नाहीत याची काळजी करू नका. थोडा धीर आणि झेरॉक्सचे पन्नासेक कागद एवढ्यावर भागेल. काका, आतेभाऊ आणि धाकटा भाऊ तीन दिशांना तोंड करून उभे आहेत, पण तिघांची चूक एकच आहे. कुठलेही वचन त्या वेळच्या कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणता होता हे न बघता तिघे ते उत्तर उचलतात आणि आपापल्या प्रश्नाखाली डकवतात. तुमचे चार रविवार तो मूळ प्रश्न शोधण्यात जाऊ द्या.

उतारा कुठलाही असो, चार गोष्टी विचारायच्या. कोणी लिहिले, कोणाला लिहिले, साधारण कधी लिहिले, आणि ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हा करण्यासारखे काय होते? पहिले तीन प्रश्न अभ्यासाच्या बहुतेक पुस्तिकांत असतात. चौथा राहून जातो, आणि राजकारणाची गोष्ट आली की सगळे तिथेच अडते. रोमी साम्राज्यातल्या साध्या माणसाला सम्राट निवडायचाही नव्हता आणि बदलायचाही नव्हता. अन्याय झाला तर तो अर्ज करी, ओळखीच्या बड्या असामीचे पाय धरी, दंग्यात उतरे किंवा गाव सोडून जाई. पाच वर्षांनी सरकार बदलता येते ही कल्पनाच त्याच्यापुढे नव्हती. आपण 'सरकार' म्हणतो तेव्हा मतदान, न्यायालय, वर्तमानपत्र हे सगळे गृहीत धरतो. पौलाच्या वाचकांना 'अधिकारी' म्हटल्यावर नाक्यावरचा जकातदार आणि तलवारवाला शिपाई दिसत होता.

प्रत्येक वेळी दीड तास मिळत असेल तर पहिली पन्नास मिनिटे आजच्या काळाला दाराबाहेर ठेवा. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखा. साम्यवाद, लोकशाही, राष्ट्रवाद, एखाद्या पक्षाचे किंवा नेत्याचे नाव, यातले काहीही कुणाच्या तोंडून निघाले की ते चौकटीत लिहायचे आणि पुढे जायचे. उरलेली चाळीस मिनिटे चौकटीसाठी. 'गप्प बस' म्हटल्यावर माणूस चिडतो. त्याचा शब्द फळ्यावर लिहिला तर तो आपल्या पाळीची वाट बघतो.

कागदाचेही एक सांगते. उतारे मोबाइलवरून वाचू देऊ नका. ॲपमधून मजकूर उतरवून घ्या, अध्याय आणि वचनांचे आकडे काढून टाका, मथळे काढून टाका, आणि सलग परिच्छेद छापा. अध्याय पडले तेराव्या शतकात. नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. पौलाच्या पत्रात यातले काहीच नव्हते. हे इतके महत्त्वाचे का, ते तिसऱ्या रविवारी दिसेल.

पहिला रविवार नाण्याचा करा. मार्क १२:१३-१७. प्रत्येकाच्या तळहातावर एक रुपयाचे नाणे ठेवा. २०११ च्या मालिकेतले मिळाले तर त्याचे वजन ३.७९ ग्रॅम असते. तेव्हाचा रोमी सम्राट तिबिर्य कैसर याचा चांदीचा दिनार जवळपास तेवढ्याच वजनाचा होता, फक्त आकाराने लहान, साधारण १८-१९ मिलिमीटरचा. एका बाजूला सम्राटाचा मुखवटा आणि भोवती 'दिव्य औगुस्ताचा पुत्र तिबिर्य कैसर औगुस्त' अशा अर्थाची अक्षरे. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री आणि 'महायाजक' ही पदवी. येशूपुढे आलेले नाणे बहुधा हेच. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २०:२ मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते.

आता प्रश्न वाचा : कैसराला कर द्यावा की न द्यावा? इसवी सन ६ मध्ये यहूदीया थेट रोमच्या अमलाखाली गेला, रोमी सुभेदार क्विरीनियाने खानेसुमारी केली आणि तिच्यावरून कर बसला. गालीलकर यहूदाने त्याविरुद्ध उठाव केला. त्याचे नाव प्रेषितांची कृत्ये ५:३७ मध्ये आहे. म्हणजे हा कर रक्ताने माखलेला विषय होता. 'द्या' म्हणावे तर लोक तुटणार, 'देऊ नका' म्हणावे तर रोमी सुभेदार पिलाताकडे तक्रार जाणार. स्थळ मंदिराचे आवार, वेळ यहूद्यांच्या वल्हांडण सणाच्या तोंडावरची. येशू नाणे मागतो आणि विचारणारेच ते आणून देतात. सम्राटाला देवपुत्र म्हणणारी प्रतिमा त्यांच्याच हातातून पुढे येते. प्रश्न 'द्यावा का' असा आहे. उत्तर आहे 'कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या', आणि त्यातले ग्रीक क्रियापद मात्र 'परत करा, देणे फेडा' या अर्थाचे आहे. मराठी बायबलातल्या 'भरून द्या' मध्ये तो अर्थ बराच टिकला आहे.

या वचनाला पुष्कळ जण धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याचे कलम मानतात. धर्म आणि राज्य वेगळे असावे असे मलाही मनापासून वाटते, पण ते या वचनात नाही. हे दोन कप्पे तेव्हा वेगळे नव्हतेच. कैसर स्वतःच महायाजक होता, आणि ते त्याच नाण्याच्या मागच्या बाजूला कोरलेले आहे. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने या उत्तराचा अर्थ असा लावला : कैसराची प्रतिमा नाण्यावर आहे, ती कैसराला द्या, देवाची प्रतिमा माणसावर आहे, ती देवाला द्या. मग कैसरासाठी किती उरते, हे मुलांना विचारा आणि पाच मिनिटे बोलू द्या. शेवटी लूक २३:२ वाचून घ्या. तिथे आरोप आहे की हा माणूस कैसराला कर देण्याची मनाई करतो. ज्यांनी ते उत्तर ऐकले त्यांना ते सरळसोट 'कर भरा' असे वाटले नव्हते, एवढे त्यातून निघते.

दुसरा रविवार धाकट्या भावाचा. प्रेषितांची कृत्ये २:४२ पासून ६:७ पर्यंत सगळे सलग वाचा. बहुतेक जण 'सगळे सामाईक होते' असे सांगणारी २:४४-४५ आणि ४:३२ एवढीच वचने वाचतात आणि थांबतात. पुढे ५:४ मध्ये पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन होती तोवर ती तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता ना? म्हणजे सक्ती नव्हती. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांचा अपराध त्या पैशाबद्दल खोटे बोलण्याचा आहे. १२:१२ मध्ये मार्काच्या आईचे, मरीयेचे, घर आहे आणि मंडळी तिथेच जमली आहे. सगळ्यांनी सगळे विकले असते तर ते घर कुठून राहिले? ग्रीकमधली क्रियापदे 'विकत असत, वाटून देत असत' अशी आहेत. गरज पडेल तसे, पुन्हा पुन्हा.

भावाला एवढ्यावर हरला असे वाटू देऊ नका, कारण त्याच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. बर्णबाने खरेच शेत विकले. खाणाऱ्यांची रोजची पंगत खरीच चालत होती. सहाव्या अध्यायात ती बिघडते कशी ते बघा. ग्रीक बोलणाऱ्या विधवा वाटणीत मागे पडतात, कुरकुर सुरू होते आणि सात माणसे नेमावी लागतात. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, बहुधा कारभारही त्यांच्याच हाती दिला. पुढे दुष्काळात अंत्युखियाहून मदत येते (११:२८-३०). पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावे (१ करिंथ १६:२), आणि पैसे यरुशलेमला नेणारी माणसे तुम्हीच निवडा. हिशोबावर संशय येऊ नये म्हणून केवढी ही खबरदारी!

मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या नियमावलीत नव्याने येणाऱ्याची मालमत्ता टप्प्याटप्प्याने समूहाच्या स्वाधीन होते. 'मित्रांचे सगळे सामाईक' ही म्हण ग्रीकांत आधीपासून होती. यरुशलेमच्या मंडळीचे वागणे त्या काळाला ओळखीचे होते. भावाने 'साम्यवाद' म्हटले की तो शब्द चौकटीत जाईल. तो एकोणिसाव्या शतकातला आहे. त्यामागे कारखाने आहेत, मजुरी आहे, राज्यसत्ता ताब्यात घेण्याचा विचार आहे. यरुशलेमच्या त्या मंडळीकडे यातले काहीच नव्हते. उलट बाजूने कुणी 'बघा, सक्ती नव्हती, म्हणजे ज्याचे त्याचे' असे म्हणून सुटू लागला तर त्याला याकोब ५:१-६ वाचायला लावा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते आहे.

तिसरा रविवार तुमच्या घराचा. त्या दिवशी थोडा जास्त वेळ मागून घ्या.

पौलाने हे पत्र इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. नेरोला सम्राट होऊन तेव्हा सुमारे तीन वर्षे झाली होती आणि कारभार सेनेका आणि बुर्रस यांच्या सल्ल्याने बरा चालला होता. ख्रिस्ती लोकांना जाळणारा नेरो ६४ सालचा. पत्र गेले त्या मंडळीत मोठा वर्ग साध्या माणसांचा असावा. सोळाव्या अध्यायातल्या सलामांची यादी वाचून बघा. दोन डझन नावे, त्यांतली बरीच दासांमध्ये आणि मुक्त झालेल्या दासांमध्ये आढळणारी. सुमारे ४९ साली क्लौद्य सम्राटाने यहूद्यांना रोममधून घालवले होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला त्यातलेच (प्रे. कृ. १८:२), आणि पत्राच्या वेळी ते परतलेले दिसतात. एकदा हाकलून दिलेली आणि पुन्हा नजरेत येण्याची भीती असलेली माणसे हे ऐकत आहेत.

करांचे बघा. रोमी इतिहासकार तासितुस सांगतो की ५८ साली जकातदारांच्या जाचाबद्दल लोकांनी इतका ओरडा केला की नेरोने जकातीसारखे अप्रत्यक्ष कर सगळेच रद्द करण्याचा विचार केला. पौलाने १३:७ मध्ये 'कर' आणि 'जकात' असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत. डोईवरचा कर वेगळा, मालावरची जकात वेगळी. राजधानीत करावरून वातावरण तापत असताना एक छोटी, संशयित मंडळी दंग्यात सापडली तर तिचे काय होईल, हा त्या परिच्छेदामागचा एक खरा प्रश्न आहे. अभ्यासकांत तपशिलावर मतभेद आहेत, पण सातव्या वचनात पौल कराशीच येऊन थांबतो हे कुणालाही वाचून दिसते.

आता आकडे काढलेला कागद घ्या आणि १२:१४ पासून १३:१० पर्यंत एका दमात मोठ्याने वाचा. 'छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या' इथे सुरुवात होते. 'सूड उगवू नका, तो देवावर सोपवा' येते. मग अधिकारी येतात, तलवार येते, कर येतो. लगेच पुढे 'एकमेकांवर प्रेम करण्याच्या ऋणाशिवाय कुणाचे ऋण ठेवू नका'. तेराव्या अध्यायाचा आकडा मध्ये घुसला की 'अधीन असा' हे एक सुटे कलम होते. आकडा काढला की ते वाईटाला बऱ्याने जिंकण्याच्या शिकवणुकीचा एक भाग म्हणून वाचले जाते. तुमच्या तरुणांना एवढे जरी स्वतःच्या कानांनी ऐकू आले तरी तो रविवार सार्थकी लागला समजा.

दोन शब्द जवळून बघण्यासारखे आहेत. 'अधीन असणे' याचे ग्रीक क्रियापद रांगेत, क्रमात खाली उभे राहण्याचे आहे. सांगितलेली आज्ञा पाळणे यासाठी ग्रीकमध्ये वेगळे क्रियापद आहे आणि पौल ते इथे वापरत नाही. आणि अधिकाऱ्याला तो 'देवाचा सेवक' म्हणतो. रोममध्ये सम्राटाला दैवी म्हणत होते, इथे त्याला नोकर म्हटले आहे. नोकराचे काम नेमलेले असते : तुझ्या हितासाठी. हे वाचूनही काकांचा अर्थ पूर्णपणे खोटा ठरत नाही. पौल खरोखरच कर भरायला सांगतो, आदर द्यायला सांगतो, बंडाच्या वाटेला जाऊ नका म्हणतो. तो भाग गाळून त्याला आंदोलनाचा पुढारी केलात तर तुम्हीही तेच केलेत जे बाकीचे करतात. पण पौल 'अन्याय होताना बोलू नका' असे कुठे म्हणत नाही, आणि स्वतः तर तो बोललाच.

याच नव्या करारात प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही आहे. बहुतेक अभ्यासक ते पुस्तक दमितियन सम्राटाच्या अखेरच्या काळात, ९५ च्या आसपास ठेवतात. तिथे रोमची सत्ता समुद्रातून वर आलेले श्वापद आहे. दोन्ही तेरावे अध्याय एकाच बैठकीत शेजारी ठेवा. एक तुलनेने बऱ्या दिवसांत लिहिले, दुसरे सम्राटपूजेचा दबाव जाणवत असताना. प्रे. कृ. ५:२९ मधले 'मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' त्यांच्या मधोमध ठेवा. तरुणांपैकी कुणी 'मग बायबल नक्की कुठल्या बाजूचे?' असे विचारले तर उत्तराची घाई करू नका. तो प्रश्न विचारला गेला की इतिहास शिकणे सुरू झाले.

शेवटची चाळीस मिनिटे आतेभावाच्या व्हिडिओंना. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याच्या धोरणाच्या समर्थनासाठी हाच अध्याय पुढे केला. अमेरिकेतल्याच अनेक मंडळ्यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सत्तेच्या बाजूने हेच वचन वापरले जात होते. १९८५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी 'कैरोस' दस्तऐवजात त्याला उत्तर दिले. त्यांचा मुद्दा साधा होता : पौलाने एका विशिष्ट मंडळीला विशिष्ट परिस्थितीत लिहिलेले काढून त्याला सर्व काळच्या सर्व राज्यांचा परवाना करता येत नाही. हा अध्याय ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी ज्यांच्या हाती नाही त्यांना वाचून दाखवला की त्याचा अर्थ उलटा होतो. पौलाच्या बाबतीत लिहिणारा आणि ऐकणारे दोघेही तलवारीच्या चुकीच्या टोकाला होते.

चौथ्या रविवारी बायबलबाहेरचे तीन छोटे उतारे घ्या. प्लिनी हा बिथुनियाचा सुभेदार. ११२ च्या सुमारास तो त्रायान सम्राटाला विचारतो की या ख्रिस्ती लोकांचे काय करू? ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात. त्याने दोन दासींना यातना देऊन चौकशी केली. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहील त्याला तो सोडून देई. त्रायान कळवतो, शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण सिद्ध झाले आणि माघार घेतली नाही तर शिक्षा करा. दुसरा उतारा 'दिदाखे' या छोट्या नियमपुस्तिकेचा, जिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. जाताना भाकरीखेरीज पैसे मागितले तरी खोटा. तिसरा तर्तुल्यनाचा : मंडळीच्या पेटीत महिन्याला ज्याला जमेल तो टाकतो, आणि ते गरिबांच्या दफनाला, अनाथ मुलामुलींना, म्हाताऱ्या दासांना, खाणींत आणि तुरुंगात असलेल्यांना जाते. सत्ता हातात नसलेल्या लोकांनी रोजचे जगणे कसे उभे केले होते, ते या तीन कागदांत दिसते. ३१३ नंतर सम्राटच बाजूने आला आणि ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. त्यानंतरची विधाने या कागदांत मिसळू देऊ नका. चर्चेतला निम्मा गोंधळ तिथूनच होतो.

एक गोष्ट चारही रविवार डोळ्यांत तेल घालून सांभाळा. परूशी (यहूद्यांतला एक धर्मपंथ) किंवा यहूदी म्हणजे खलनायक असे वाचन सुरू झाले की थांबवा. येशू, पेत्र, मरीया, पौल सगळे यहूदी होते. हे भांडण एका घरातले होते. त्या घराबाहेरच्यांनी पुढे तीच वाक्ये उचलून यहूद्यांवर शतकानुशतके जे केले ते भयंकर आहे. तसेच 'येशू पॅलेस्टिनी की इस्राएली' असा वाद फोनवर आलाच तर एवढेच सांगा : तो गालीलकर यहूदी होता. आजचे इस्राएल राष्ट्र १९४८ चे. रोमी प्रांताला 'सिरिया पॅलेस्तिना' हे नाव १३५ च्या सुमारास, यहूद्यांचे बार कोखबाच्या पुढारपणाखालचे बंड मोडल्यावर मिळाले. आजच्या युद्धाबद्दल काय वाटते ते मोकळेपणाने बोलावे, त्यासाठी येशूचा पासपोर्ट काढण्याची गरज नाही.

भाषांतरे दोन तरी जवळ असू द्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षे खर्चून साध्या मराठीत भाषांतर केले ते याचसाठी, की साध्या बायकांनाही मजकूर स्वतः वाचून ताडता यावा. जिथे दोन भाषांतरांत शब्द वेगळा पडतो तिथे बोट ठेवा. बहुतेक वेळा मूळ ग्रीक शब्दाची अडचण तिथेच असते.

राहिले काका. तुमच्या तरुणांपुढे त्यांना खोडून काढू नका. वयाचा मान राखा आणि तिसऱ्या रविवारी वाचनाचे काम त्यांनाच द्या. रोमकरांस १३ त्यांनी वाचले की त्यांच्याच आवाजात प्रेषितांची कृत्ये १६:३५-४० वाचून घ्या. फिलिप्पैला पौलाला चौकशीवाचून सर्वांदेखत फटके मारून तुरुंगात घातले होते. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात की सोडून द्या, गुपचूप जाऊ दे. पौल जात नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे, असे तो कळवतो. आणि ते येतात. हे वाचून झाल्यावर काकांना एवढेच विचारा : काका, इथे पौल अधिकाऱ्यांच्या अधीन होता का?